'तुमच्या घरी' म्हणजे कुणाच्या घरी?

मेक्सिको सिटीत नोकरीला लागलात आणि सोमवारी सकाळी एखादा कलीग म्हणाला, "काल तुमच्या घरी सगळे जमलो होतो, मस्त जेवलो," तर दचकू नका. घराचं कुलूप तपासायला तर मुळीच धावू नका. मेक्सिकन माणूस 'एन तु कासा', म्हणजे 'तुमच्या घरी' म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या घराबद्दल बोलत असतो. माझं घर ते तुमचंच, हे इतकं गृहीत धरलेलं की 'माझं' म्हणणंच जरा उद्धट वाटावं. आपल्याकडे 'गरिबाच्या झोपडीला कधी पाय लागणार?' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त आपण झोपडी तरी स्वतःच्या नावावर ठेवतो.

मी २०२२ मध्ये कंपनीच्या पोस्टिंगवर इथे आले. तेव्हापासून अमेरिकन, कॅनेडियन, फ्रेंच, कोरियन आणि अर्थात आपले देशी असे ढीगभर परदेशी लोक मेक्सिकन शेजाऱ्यांबरोबर राहताना बघितलेत. त्यावरून माझी एक थिअरी पक्की झालीय. परदेशी दोन प्रकारचे. 'तुमच्या घरी' ऐकून हसून थँक्यू म्हणणारे आणि ते शब्दशः घेणारे. दुसऱ्या प्रकारामुळे हे शहर चांगलंच तापलंय. पण ते पुढे सांगते. आधी थोडी गंमत.

'आओरा' म्हणजे आत्ता. त्याला लाडाचं शेपूट लावलं की होतं 'आओरिता', म्हणजे इटुकलं आत्ता. प्लंबर 'आओरिता येतो' म्हणाला की तो दहा मिनिटांत येऊ शकतो, संध्याकाळी येऊ शकतो किंवा येणारही नाही. अमेरिकन मंडळी यावरून वेडीपिशी होतात. मराठी माणसाला काय त्याचं? अंगाला टॉवेल गुंडाळून फोनवर 'निघालोच, पोचतोय पाच मिनिटांत' म्हणणाऱ्यांच्या देशातून आपण आलोय. आपल्याला आओरिता पहिल्याच दिवशी कळतं.

'नाही'चंही तसंच. तोंडावर नाही म्हणणं इथे फार खरखरीत वाटतं. रस्ता विचारा, समोरच्याला माहीत नसला तरी 'सरळ जा, मग डावीकडे' असं काहीतरी मिळतं. कुणाला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसत नाही ना! ऑफिसात याचं फुल नाटक होतं. टेक्सासमधला मॅनेजर विचारतो, "शुक्रवारपर्यंत होईल?" इकडून उत्तर जातं, "हो, बघतो ना." शुक्रवारी होत नाही. तिकडे चिडचिड, की येस म्हणाला होता! इकडे आश्चर्य, की बघतो म्हटलं होतं, कळायला नको? मला मात्र त्या 'हो'च्या सुरातच 'नाही' ऐकू आलेलं असतं. लग्नाच्या बोलणीत 'कळवतो' म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कल्चर ट्रेनिंगचं वर्कशॉप कशाला हवं?

हाक मारल्यावर 'काय?' म्हणायचं नाही, 'मांदे?' म्हणायचं. शब्दशः अर्थ 'आज्ञा करा'. काही मेक्सिकन लोकांनाच हा शब्द गुलामीच्या काळातला उरलेला वाटतो, बाकीच्यांना तो आईने लावलेलं वळण वाटतो. हॉटेलातून बाहेर पडताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या अनोळखी लोकांना 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे 'सावकाश जेवा'. लिफ्टमध्ये शिरलात की आतल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग. पार्टीतून निघताना एकेकाच्या गालाला गाल लावून निरोप. त्यात अर्धा तास सहज जातो. आपण 'निघतो, निघतो' म्हणत चपला घालून दारात गप्पा मारतो, तितकाच.

आणि हे लोक जेवण झालं तरी टेबल सोडत नाहीत. ताटं उचलली, कॉफी झाली तरी गप्पा चालूच. या बसण्याला खास शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. बिल मागितल्याशिवाय वेटर आणून देत नाही, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणणं. नवा आलेला परदेशी माणूस यालाच स्लो सर्व्हिस म्हणतो आणि इंटरनेटवर एक स्टार देऊन मोकळा होतो.

मी, इंदू

आता माझी ओळख. मला इथे सगळे 'इंदू' म्हणतात. ऑफिसातला केरळचा ख्रिश्चन मित्रही इंदूच. स्पॅनिशमध्ये 'ह'चा उच्चार होत नाही, म्हणून 'हिंदू'चं झालं इंदू. भारतीयांसाठी खरा शब्द 'इंदिओ' आहे, पण तो मेक्सिकोत मूळ रहिवाशांना हिणवायला वापरला जातो. त्यामुळे सभ्य माणसं तो टाळतात आणि धर्म कुठलाही असो, आपल्याला इंदू करून टाकतात.

नावाचा घोळ आणखी भारी. इथे प्रत्येकाला दोन आडनावं. आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. माझं नाव आपल्या रीतीप्रमाणे, स्वतःचं, बाबांचं, मग आडनाव. बँकेतल्या क्लार्कने बाबांचं नाव पहिलं आडनाव धरलं आणि आमचं आडनाव आईच्या खात्यात टाकलं. तेव्हापासून मी बँकेत 'सेन्योरा' आणि पुढे माझ्या बाबांचं नाव! बाबांना फोनवर सांगितलं तर ते आठवडाभर खूश होते.

रंग आपला असा की रस्त्यात मला कुणी परदेशी समजत नाही. माझ्याशी फास्ट ट्रेनच्या स्पीडने स्पॅनिश बोलतात. एका गोऱ्या मैत्रिणीबरोबर जेवायला गेले की तिच्यासमोर इंग्रजी मेन्यू येतो आणि माझ्यासमोर स्पॅनिश. स्पॅनिश तिचं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे! मेदेयीन मंडईत मात्र भाजीवाला मला 'ग्वेरिता' म्हणून हाक मारतो, म्हणजे गोरटेली. सगळ्या गिऱ्हाइकांना तो तेच म्हणतो. गिऱ्हाईक खूश करायचं तर त्याला गोरं म्हणावं, हा हिशोब आपल्याला कुणी वेगळा समजावायला नको. 'रोमा' सिनेमात काम केलेली याळित्सा आपारिसिओ ही मूळ रहिवासी समाजातली मुलगी २०१९ मध्ये ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली, तेव्हा तिच्या रंगारूपावरून मेक्सिकोतच किती घाण बोललं गेलं! परदेशी ते सगळं चांगलं मानण्याच्या वृत्तीला इथे नावही आहे, 'मालिंचिस्मो'. स्पॅनिश सेनानी कोर्तेसची दुभाषी असलेल्या मालिंचेवरून ते पडलं. म्हणजे परदेशी माणसाचं स्वागत होतं ते निव्वळ मायेपोटी, असं समजायचं कारण नाही. त्यात थोडा दबलेला न्यूनगंडही असतो, आणि तो गोऱ्या पाहुण्यासाठी जास्त उफाळतो.

मुळात 'परदेशी' हा एक शब्द इथे पुरत नाही. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत परदेशात जन्मलेले साधारण १२ लाख लोक होते. त्यातले सुमारे ८ लाख अमेरिकेत जन्मलेले, आणि त्यात पुष्कळ मेक्सिकन आईबापांची मुलंच. बाकी अमेरिकन म्हणाल तर सान मिगेल दे आयेन्देला दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर चित्रकला शिकायला माजी सैनिक आले आणि त्यातल्या काहींना गाव आवडून गेलं. चापाला तलावाकाठच्या अहिहिक गावात अमेरिकन-कॅनेडियन पेन्शनर राहतात. दोन्हीकडे स्पॅनिशचं एक वाक्य न शिकता वर्षानुवर्षं काढता येतात, आणि काढणारे आहेत. अमेरिकन माणसाला विमानतळावर १८० दिवसांपर्यंत राहायची परवानगी मिळू शकते. आपल्याला व्हिसा लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल तर मात्र चालतं. मेक्सिकोत शिरायला अमेरिकेचा शिक्का, बोला!

आणि पलीकडच्या टोकाला? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेक्सिकोने ३११ भारतीयांना एका खास विमानात घालून दिल्लीला परत पाठवलं. अमेरिकेत शिरायच्या वाटेवर पकडले गेलेले. २०२३-२४ मध्ये आमच्या जवळच्या हुआरेस वस्तीतल्या जोर्दानो ब्रुनो चौकात बहुतेक हैतीहून आलेल्या लोकांचे तंबू होते. लेकराबाळांसकट. जून २०२४ मध्ये ते हटवले. त्याच वस्तीत ब्रंचसाठी रांग लावणारेही परदेशीच. एकाला एक्स्पॅट म्हणतात, दुसऱ्याला मायग्रंट. दोघांपैकी कुणी भाडी वाढवली, हे सांगायला नको.

आधीचे परके

मी राहते ती रोमा वस्ती परदेशी लोकांना नवी नाही. मानवेंद्रनाथ रॉय १९१७ मध्ये अमेरिकेतून पळून मेक्सिकोत आले, स्पॅनिश शिकले आणि १९१९ मध्ये इथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत पुढे होते. ते रोमातल्या मेरिदा रस्त्यावरच्या ज्या घरात राहायचे, तिथे पुढे त्यांच्याच नावाचा नाइटक्लब निघाला. कम्युनिस्टाच्या घरात कव्हर चार्ज. यावर काय बोलणार?

आणि आपला माणूस म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिशांमुळे भारतात परतायची सोय नव्हती. १९२४ मध्ये मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवायला लागले. मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चित्र काढलं, त्यात टेबलाशी बसून सगळ्यांना भाकरी मोडून देणारा माणूस खानखोजेंवर बेतलेला आहे. मी बघायला गेले तेव्हा दहा मिनिटं तिथून हलले नाही. वर्ध्याचा माणूस, मेक्सिकन भिंत, आणि हातात भाकरी! स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसवला गेला.

रोमाच्या रस्त्यांवर मार्चमध्ये जांभळा सडा पडतो आणि फोटो काढायला झुंबड उडते, ती जॅकरांडाही मूळ मेक्सिकोची नाही. ती दक्षिण अमेरिकेतली. तिला इथल्या रस्त्यांवर आणण्याचं श्रेय देतात जपानहून आलेल्या तात्सुगोरो मात्सुमोतो या माळ्याला. या लोकांना कुणी इथून जा म्हटलं नाही.

साल्सा फिका झाला

मग आत्ताच बिनसलं कुठे? कोविडच्या काळात लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करायची सोय झाली. पगार डॉलरमध्ये, खर्च पेसोंमध्ये. अमेरिकेच्या घड्याळाशी जुळणारी वेळ, वर्षभर सुखद हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये शहराच्या तेव्हाच्या प्रमुख क्लाउदिया शेनबॉम यांनी एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार केला, अशा डिजिटल नोमॅड मंडळींनी आणखी यावं म्हणून. बघता बघता रोमा, कोन्देसा, हुआरेस या वस्त्यांमधली घरं आठवड्याच्या बोलीवर जाऊ लागली. २०२५ मध्ये मेक्सिकोतलं किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो होतं, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांच्याही आत. आणि माझ्या गल्लीत एका बेडरूमचं घर वीस हजारांच्या खाली दिसेना. हिशोब तुम्हीच करा.

घरांबरोबर बाकीचंही बदललं. फोंदा म्हणजे (गोव्यातलं फोंडा नव्हे!) आपल्या खानावळीसारखी जागा. सूप, भात, एक रस्सा, टोर्टिया आणि फळांचं पाणी, सगळं शंभरेक पेसोंत. आमच्या कोपऱ्यावरची फोंदा बंद झाली आणि तिथे पावावर अव्होकाडो चोपडून तिप्पट भावाला विकणारं दुकान आलं. टाकोच्या गाड्यांवर साल्सा फिका झाला, कारण नव्या गिऱ्हाइकांना झोंबतो. हसू नका, ही तक्रार मोर्चापर्यंत गेली. कोल्हापूरच्या मिसळीची तर्री उद्या पाहुण्यांसाठी गोडी केली तर कोल्हापूरकर काय करतील?

आवाजांवरूनही वाजतं. इथे दिवसभर रस्त्यावर पुकारे चालू असतात. भंगारवाल्याच्या टेम्पोवर एका लहान मुलीच्या आवाजातली टेप, संध्याकाळी रताळेवाल्याच्या गाडीची वाफेची शिट्टी, रात्री तमालवाल्याची टेप. मला ऐकून आमच्या बोळातला 'भंगाऽऽर' आठवतो आणि झोप छान लागते. काहींना मात्र हे नॉइज पोल्युशन वाटतं. मासात्लानच्या किनाऱ्यावर बांदा वाजवणारे वादक पिढ्यानपिढ्या पोट भरतात. हॉटेलवाल्यांनी पर्यटकांच्या तक्रारी पुढे करून त्यांना आवरायला लावलं, तेव्हा मार्च २०२४ मध्ये वादक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापटही झाली.

४ जुलै २०२५ ला, नेमक्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कोन्देसातल्या पार्के मेहिकोपासून मोर्चा निघाला. बोर्डांवर लिहिलं होतं की भाडी भरा, कर भरा, आमची भाषा शिका. शेवटी काहींनी दुकानांच्या काचा फोडल्या आणि 'गो होम'च्या घोषणा दिल्या. शेनबॉम एव्हाना राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. परदेशी लोकांचा द्वेष चालणार नाही, पण घरांचा प्रश्न खरा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मोर्चातल्या कुणाला तरी २०२२ चा करार आठवला असणारच.

काचा फोडणं मला पटलं नाही. पण त्या बोर्डांवरच्या मागण्या वाचल्या, तर त्यात 'येऊ नका' फारसं नव्हतं. 'आलात तर शेजाऱ्यासारखं राहा' एवढंच होतं.

तिसरा मजला

आमच्या बिल्डिंगमध्ये आठ घरं. माझ्या शेजारच्या दोन्या सरकारी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. 'दोन्या' म्हणजे आपल्याकडच्या 'बाई' किंवा 'काकू'सारखं. १९८५ च्या १९ सप्टेंबरला भूकंप झाला, रोमात इमारती कोसळल्या, ऐपत असलेले लोक वस्ती सोडून गेले. भाडी पडली. तेव्हा त्या इथे राहायला आल्या आणि टिकल्या. मी आल्यावर पहिल्या आठवड्यात पाण्याचा वीस लिटरचा जार कोण आणून देतं, गॅसवाला कधी ओरडतो, कचऱ्याची घंटा कुठली, हे सगळं त्यांनीच सांगितलं.

१९ सप्टेंबरला दरवर्षी त्या आठवणीत शहरभर भूकंपाचं ड्रिल होतं. २०१७ मध्ये ड्रिलनंतर दोनेक तासांत खरा भूकंप आला होता. २०२२ ला तर तासाच्या आत! दुपारी ड्रिल आटपून मी वर येऊन बसले आणि भोंगा परत वाजला. मला वाटलं, चुकून वाजला. दोन्यांनी दार बडवून बडवून मला बाहेर काढलं. खाली उतरताना त्यांच्या लक्षात आलं, दुसऱ्या मजल्यावरचा अमेरिकन मुलगा दिसत नाही. हेडफोन लावून कॉलवर होता तो. या बाईने त्याच्या दारावर चपलेने ठोकलं. मग आम्ही सगळे फुटपाथवर, दिव्याचे खांब डुलताना बघत. तो मुलगा मोज्यांवर उभा होता. दोन्यांनी त्याच्या हातात साखरेचा खडा ठेवला, घाबरल्यावर खायचा म्हणून.

२०२४ मध्ये बिल्डिंग विकली गेली. नव्या मालकाने जुन्या भाडेकरूंचे करार वाढवले नाहीत. शहरात भाडेवाढ महागाईच्या दराएवढीच करता येईल असा कायदा त्याच वर्षी झाला, पण करारच उरला नाही तर कायदा लावणार कशाला? आठातली पाच घरं रिकामी झाली आणि खाली दाराशी नंबर फिरवून उघडायच्या चावीच्या पेट्या लटकल्या. माझं भाडं कंपनी भरते, म्हणून मी राहिले. दोन्यांना तीन महिने मिळाले.

तो मुलगा निरोपाला आला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. जाताना म्हणाला, तुमचं जेवणाचं टेबल फार व्हिंटेज आहे, विकणार का? दोन्यांनी त्याला अस्सल अमेरिकन भाव लावला आणि रोख घेतले. कुंड्या मात्र मला फुकट दिल्या.

आता त्या एकातेपेकमध्ये मुलाकडे राहतात. गिरगावातून डोंबिवलीच्याही पुढे गेल्यासारखं. मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत, मग केबल कारमध्ये बसून घरांच्या डोंगरावरून. एका रविवारी गेले होते. तीनला जेवायला बसलो, उठलो सातला. सून, नातवंडं, सुनेची आई, सगळे टेबलाभोवती, अर्थात नव्या टेबलाभोवती. दोन्या रोमाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त जारवाला अजून तोच येतो का, एवढं विचारलं. साल्सा इतका जहाल होता की माझ्या नाकातून पाणी यायला लागलं आणि सगळी पोरं खिदळली.

ग्वादालाहारा, केरेतारो, मॉन्तेरे आणि मेक्सिको सिटीत भारतीय आयटी कंपन्यांची ऑफिसेस आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाचं तरी पोस्टिंग इकडे येईलच. तर ऐका. निघायच्या आधी तीन महिने स्पॅनिश शिका, बाकी सगळं इथे मिळतं. अगदी मिरच्यासुद्धा, त्या तर इथल्याच. घर भाड्याने घेताना शहरात मालमत्ता असलेला 'आवाल' म्हणजे जामीन मागतात. तो नसेल तर कंपनीला हमीची कागदपत्रं करायला लावा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरावं लागेल. रोमा-कोन्देसाच्या मागे धावू नका. नार्वार्ते, पोर्तालेस बघा, तिथे फोंदा अजून आहेत. करार पेसोंमध्येच करा. भाडं डॉलरमध्ये सांगणारा मालक भेटला, तर गोड हसून 'आओरिता कळवते' म्हणा आणि पुढचं घर बघा.